अकरावी प्रवेश : कोटा आधी की नियमित फेरी?

दहावीचा निकाल लागला की घुग्घुसमधले पालक आम्हा शिक्षकांना एकच प्रश्न विचारतात : "सर, मिळतंय तिथे आत्ताच घ्यायचं की थांबायचं?" २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला आहे. त्यामुळे हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही.

कोटा म्हणजे काय?
नियमित फेऱ्यांच्या आधी 'शून्य फेरी' असते. तिच्यात कोट्याचे प्रवेश होतात. कोटे तीन : अल्पसंख्याक संस्थेत त्या समाजासाठी ५० टक्के, इन-हाऊस १० टक्के आणि व्यवस्थापन ५ टक्के. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. अल्पसंख्याक कोटा ज्या समाजाची संस्था, त्याच समाजाला मिळतो. हिंदी भाषिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता असलेल्या कॉलेजात आपल्या मुलांना मुस्लिम म्हणून तो मागता येत नाही. म्हणून कॉलेजला कोणता दर्जा आहे, ते आधी विचारा.

कोट्यातून प्रवेश निश्चित केला की नियमित फेरीत नाव येत नाही. तो प्रवेश रद्द केला तरच पुढचा मार्ग उघडतो. म्हणून तेच कॉलेज आणि तीच शाखा मनापासून हवी असेल, तर कोटा जरूर घ्या. नुसत्या "सीट गेली तर?" या भीतीने घेऊ नका.

नियमित फेरीत काय होते?
इथे कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा पसंती भरता येतात. यादी गुणांवर लागते. बरेच पालक घाबरून सोपे कॉलेज पहिल्या नंबरवर टाकतात. त्याची गरज नाही. वरची पसंती गुणांत बसली नाही तर संगणक खालची पाहतो; वर मोठे नाव टाकल्याने खालची संधी जात नाही.

पण पहिली पसंती मिळाली तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर मूल पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडते आणि 'सर्वांसाठी खुली' फेरी येईपर्यंत थांबावे लागते. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचे कॉलेज मिळाले, तर मात्र पुढच्या फेरीची वाट पाहता येते.

घरात आधी काय ठरवावे?
चंद्रपूरचे कॉलेज पहिल्या नंबरवर टाकण्याआधी रोजच्या बसचे, भाड्याचे आणि वेळेचे बोलून घ्या. विशेषतः मुलींच्या बाबतीत "आधी नाव तर येऊ दे, मग बघू" असे होते. नाव येते, मग अब्बा नको म्हणतात आणि मुलीच्या नियमित फेऱ्या बंद होतात. नको म्हणायचे असेल तर फॉर्म भरण्याआधी म्हणा, आणि त्या वेळी मुलीचेही ऐका.

कागदपत्रे
गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला तयार ठेवा. दाखल्यावर धर्म-जातीची नोंद बरोबर आहे का, ते पाहा. मोमीन, पिंजारी, कुरेशी अशा ओबीसी जमातींच्या मुलांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअरचे काम निकालाची वाट न पाहता सुरू करावे.

वेळापत्रक आणि नियम दरवर्षी थोडे बदलतात. म्हणून फॉर्म लॉक करण्याआधी त्या वर्षीची सूचना शाळेत येऊन वाचून घ्या. पसंतीक्रम सायबर कॅफेवाल्यावर सोपवू नका. तो मुलाने किंवा मुलीने अम्मी-अब्बांसोबत बसून स्वतः लिहावा.