भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण

भारतातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईतील परळ येथील केईएम रुग्णालयात झाले. डॉ. प्रफुल्लकुमार सेन (१९१५–१९८२) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही शस्त्रक्रिया केली. असे प्रत्यारोपण करणारे सेन हे जगातील चौथे शल्यचिकित्सक होत. रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन तास जगला.

पार्श्वभूमी

केईएम रुग्णालय व त्याला जोडलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. दोन्ही संस्था बृहन्मुंबई महानगरपालिका चालवते. सेन यांनी येथे हृदयशल्यचिकित्सेची पायाभरणी केली. संधिवाती तापामुळे अरुंद झालेल्या झडपांवरील शस्त्रक्रिया त्यांनी १९५०च्या दशकात सुरू केल्या. पुढे प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हृदयप्रत्यारोपणाचे प्रयोगही केले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या रचनेवरून प्रेरणा घेऊन, हृदयस्नायूला सूक्ष्म छिद्रे पाडून रक्तपुरवठा वाढवण्याची पद्धत त्यांनी १९६०च्या दशकात मांडली.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे क्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. त्यानंतर अमेरिकेत एड्रियन कँट्रोविट्झ आणि नॉर्मन शमवे यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या. मुंबईतील शस्त्रक्रिया त्यानंतर काही आठवड्यांतच झाली.

शस्त्रक्रिया आणि परिणाम

सेन यांनी दुसरे प्रत्यारोपण सप्टेंबर १९६८ मध्ये केले. तो रुग्ण सुमारे चौदा तास जगला. त्यानंतर भारतात हा प्रयत्न दीर्घकाळ थांबला. १९६९ मध्ये सेन यांना पद्मभूषण पुरस्काराने गौरवण्यात आले.

अडथळे

त्या काळातील अडचणी केवळ शस्त्रक्रियेच्या तंत्रापुरत्या नव्हत्या.

• मृत्यूची व्याख्या: भारतीय कायद्यात मेंदूमृत्यूला मान्यता नव्हती. मेंदूचे कार्य कायमचे थांबले, तरी हृदय धडधडत असेपर्यंत व्यक्ती जिवंतच मानली जाई. हृदय थांबण्याची वाट पाहिल्यास त्या अवयवाला प्राणवायूचा पुरवठा होत नसे व त्याची हानी होत असे. मेंदूमृत्यूचे निकष मांडणारा हार्वर्ड समितीचा अहवालही ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर, प्रसिद्ध झाला.

• अवयव नाकारणे: रुग्णाची प्रतिकारशक्ती नव्या हृदयाला परके समजून त्यावर हल्ला करते. तिला आवर घालणारे सायक्लोस्पोरिन हे परिणामकारक औषध १९८०च्या दशकात वापरात आले. त्यापूर्वी जगभरातच प्रत्यारोपणानंतरचे आयुष्य बहुधा अल्प असे.

• फुप्फुसांतील रक्तदाब: हृदय दीर्घकाळ दुर्बल असल्यास फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढतो. नव्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला त्याची सवय नसल्याने ते निकामी होऊ शकते. आज शस्त्रक्रियेपूर्वी हा दाब मोजला जातो.

कायदा व पुढील वाटचाल

मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ या कायद्याने मेंदूस्तंभाच्या मृत्यूला मान्यता दिली. त्यानुसार डॉक्टरांच्या चार सदस्यीय मंडळाला किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मृत्यू प्रमाणित करावा लागतो. हा कायदा महाराष्ट्रात फेब्रुवारी १९९५ मध्ये लागू झाला. भारतातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले.

मुंबईत मात्र यासाठी ऑगस्ट २०१५ उजाडावा लागला. मुलुंड येथील एका खासगी रुग्णालयात झालेल्या या शस्त्रक्रियेसाठी हृदय पुण्याहून आणण्यात आले होते. शरीराबाहेर काढलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत बसवावे लागत असल्याने अशा वेळी वाहतूक थांबवून रुग्णवाहिकेसाठी ‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हणजे मोकळा मार्ग ठेवला जातो. केईएम रुग्णालयात हृदयप्रत्यारोपण पुन्हा होण्यास ५६ वर्षे लागली. ते जुलै २०२४ मध्ये झाले.