मोटार निवडण्याचा जुना प्रश्न

विजेची मोटार घ्यावी, वीज आणि पेट्रोल या दोहोंवर चालणारी घ्यावी, कीं थोडक्या पैशांत वापरलेली पत्करावी, हा विचार आज अनेक सुशिक्षित घरांत चालू असतो. प्रश्न नवा वाटतो. परंतु तो मोटारीच्या जन्माइतकाच जुना आहे, आणि पूर्वी त्याचा निकाल कसा लागला हें पाहणें उद्बोधक आहे.

१९०० सालीं अमेरिकेंत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकीं १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या व पेट्रोलच्या अवघ्या ९३६ होत्या. विजेची गाडी तेव्हां मंद म्हणूनही गणली जात नसे. २९ एप्रिल १८९९ रोजीं पॅरिसजवळ आशेर येथें कामीय जेनात्सी या बेल्जियन गृहस्थानें तिच्यांतूनच ताशी १०५ किलोमीटरांचा वेग गाठला. रस्त्यावरील वाहनानें ताशी शंभराची मर्यादा ओलांडण्याचा तो पहिलाच प्रसंग होय.

शहरांत या गाडीस तोड नव्हती. तिला धूर नव्हता, गडगडाट नव्हता, आणि पुढचा लोखंडी दांडा फिरवून यंत्र चालू करण्याचे कष्टही नव्हते. पेट्रोलच्या गाडीचा तो दांडा उलट फिरल्यास मनगट मोडण्याची भीति असे. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा विजेचीच गाडी वापरीत. मग ही गाडी मागें कां पडली?

तिची बॅटरी जड होती, ती भरण्यास कित्येक तास लागत, आणि शहराबाहेर वीज क्वचितच पोहोंचली होती. उलट १९०१ सालीं टेक्सासांत स्पिंडलटॉप येथें तेलाचा प्रचंड साठा सांपडला. १९०८ सालीं फोर्डची 'मॉडेल टी' ८५० डॉलरांस विक्रीस आली. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यांनीं यंत्र चालू करणारी विजेची योजना बसविली आणि दांड्याची भीति संपली. विजेच्या गाडीचा मोठा गुण अशा रीतीनें विजेनेंच हिरावून घेतला!

दोन्ही शक्तींचा मेळ घालण्याचे यत्नही तेव्हांच झाले. शिकागोच्या वूड्स कंपनीनें १९१६ च्या सुमारास तशी गाडी काढली. पण तींत दोन यंत्रांचें वजन व खर्च होता, आणि पेट्रोल स्वस्त असतां तो भार कोण सोसणार? तीच कल्पना पेट्रोलची काटकसर व हवेची शुद्धता यांची निकड भासूं लागल्यावर, १९९७ सालीं जपानांत टोयोटाच्या 'प्रियस' गाडीनें यशस्वी केली.

वापरलेल्या गाडीची कथा याहून मनोरंजक आहे. १९२५ सालीं 'मॉडेल टी'चा स्वस्त नमुना २६० डॉलरांवर उतरला. तरीही १९२७ सालीं ती गाडी बंद करावी लागली. जुनी गाडी मोबदल्यांत घेऊन नवी देण्याची रीत तोंवर रूढ झाली होती. त्यामुळें नव्या फोर्डच्या किंमतींत वरच्या दर्जाची, पण वापरलेली गाडी मिळूं लागली. सर्वांत स्वस्त नव्या गाडीस इतरांच्या जुन्या गाड्यांनीं शह दिला.

यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. गाडी केवळ यंत्राच्या गुणानें श्रेष्ठ ठरत नाहीं. रस्ते, इंधन, किंमत आणि मालकाची रोजची गरज मिळून तिचा निर्णय करतात. १९०० सालीं शहरांतल्या शहरांत फिरण्यासाठीं विजेची गाडी घेणारा मूर्ख नव्हता. पुढें परिस्थिति पालटली, आणि आज ती पुन्हां पालटत आहे.

म्हणून गिर्‍हाइकानें जाहिरातीपूर्वीं स्वतःच्या घराकडे पाहावें. रोज किती किलोमीटर जाणें होतें? रात्रीं गाडी उभी राहते तेथें वीज घेतां येईल काय? लांबचा प्रवास वर्षांतून किती वेळां घडतो? वापरलेली विजेची गाडी घेणाऱ्यानें तर रंगरूपाआधीं बॅटरीची शक्ति किती उरली आहे तें तपासून घ्यावें. या प्रश्नांचीं उत्तरें प्रत्येक घराचीं निराळीं येतील. आणि एकाच गल्लींत दोन शेजाऱ्यांनीं दोन तऱ्हेच्या गाड्या घेतल्या, तरी दोघेही शहाणे ठरूं शकतील.