समुद्रानें परत केलेले दागिने

दागिना म्हटला कीं आम्हांस खाण आठवते. समुद्रकांठ आठवत नाहीं. वास्तविक अलंकाराचे फार जुने पुरावे समुद्राशींच नातें सांगतात. दक्षिण आफ्रिकेंतील ब्लॉम्बोस गुहेंत सांपडलेले, भोंकें पाडलेल्या चिमुकल्या शंखांचे मणी सुमारें ७५,००० वर्षांपूर्वींचे ठरले आहेत. इतकें दूर तरी कशाला जावें? १८६१ सालीं पति निवर्तल्यावर व्हिक्टोरिया राणीनें जो शोकवेष धरला, त्यानें इंग्लंडांतील व्हिट्बीच्या किनाऱ्यावरील 'जेट' नांवाच्या काळ्या अश्मीभूत लाकडास भलताच भाव आणला.

त्याच सुमारास अमेरिकेंत हायट यानें सेल्युलॉइड सिद्ध केलें. त्याचें पेटंट १८७० चें आहे. हस्तिदंत, कांसवाची पाठ, पोवळें या साऱ्यांची नक्कल त्यांत हुबेहूब उतरे, आणि आमच्या कित्येक आज्यांच्या फणेरपेटींतही तें येऊन बसलें. आतां हत्तीस व कांसवास अभय मिळालें, अशी ग्वाही त्याच्या कारखानदारांनीं फिरविली. नकलेनें अस्सलाचा जीव वांचतो, ही कल्पना खरोखर गोड होती! पुढें १९३३ सालीं इंग्लंडांत पॉलिएथिलीन निघालें. तें पाण्याहून हलकें, म्हणून तरंगतें. कुजत मात्र नाहीं. ज्या कांसवास वांचवावयाचें, तेंच आज त्याची पिशवी गिळून कित्येकदां मरतें.

१३ फेब्रुवारी १९९७ रोजीं इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकापासून वीस मैलांवर 'टोकियो एक्सप्रेस' जहाजास प्रचंड लाटेनें गांठलें व ६२ कंटेनर समुद्रांत पडले. एकांत लेगो खेळण्यांचे सुमारें ४८ लक्ष तुकडे होते. त्यांतले ऑक्टोपस व ड्रॅगन कॉर्नवॉलच्या वाळूंत अद्यापि सांपडतात. असा किनाऱ्यावरचा कचरा वेंचून हल्लींचे कांहीं कारागीर दागिने घडवितात. तुकडे धुवावयाचे, रंगवार लावावयाचे, करवतीनें कापून कानशीनें घासावयाचे आणि चांदीच्या कोंदणांत बसवावयाचे. लाटांनीं झिजविलेला निळा तुकडा पिरोजासारखा दिसतो, यांत अतिशयोक्ति नाहीं.

ही कला आम्हांस आवडते. पण तिनें समुद्र स्वच्छ होतो असें कोणी म्हणूं लागल्यास तें पटत नाहीं. अंगठीस नखाएवढा तुकडा पुरतो. रत्न दुर्मिळ म्हणून मोलाचें. येथें मात्र आपला माल दुर्मिळ होवो, अशी इच्छा खुद्द कारागिरानेंच धरावयाची, असा हा विलक्षण धंदा आहे.

प्लॅस्टिक वितळविण्याच्या भरीस शहाणा कारागीर पडत नाहीं, कारण धूर विषारी असतो. तें काम हवाई बेटांतील कामिलो किनाऱ्यावर शेकोट्यांनीं केलें. वितळलेलें प्लॅस्टिक, वाळू व लाव्हाचे खडे मिळून तेथें दगड बनल्याचें शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं नोंदलें. त्यांत प्रवाळाचे तुकडेही घट्ट रुतून बसलेले आहेत.