मरीया मग्दालीया : चरित्र आणि काष्ठमूर्ती

इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या कॅथेड्रल संग्रहालयात मरीया मग्दालीया या ख्रिस्ती संत स्त्रीची लाकडी मूर्ती आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास दोनातेल्लो या शिल्पकाराने ती पॉप्लरच्या लाकडात कोरली. उंची १८८ सेंटिमीटर. गाल खोल गेलेले, दात पडलेले, अंगावर वस्त्र म्हणावे तर स्वतःचेच लांब केस. प्रार्थनेसाठी हात जवळ आले आहेत, पण तळवे अजून टेकलेले नाहीत. पॉप्लर मऊ असल्याने पटाशी चांगली चालते. केसांच्या बटा मात्र बऱ्याच अंशी लाकडावर जिप्सम आणि सरसाचा लेप देऊन घडवल्या आहेत.

आता शुभवर्तमाने वाचा. ही वृद्ध तपस्विनी तेथे सापडत नाही. लूक सांगतो की तिच्यातून सात भुते निघाली होती आणि ती इतर स्त्रियांसह स्वतःच्या पैशातून येशू व शिष्यांचा खर्च चालवी. ती क्रुसापाशी उभी होती. योहानाच्या वृत्तांतात पुनरुत्थित येशू प्रथम तिलाच दिसतो आणि ही वार्ता शिष्यांना सांगण्यास तिलाच पाठवतो. ती वेश्या होती असे कोठेही लिहिलेले नाही.

मग पश्चात्ताप कशाचा? इ.स. ५९१ च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात मग्दालीया, बेथानीची मरीया आणि लूकमधील एक निनावी पापी स्त्री या तिघींना एकच मानले. पूर्वेकडील ग्रीक चर्चने त्या वेगळ्याच ठेवल्या. पश्चिमेत मात्र हीच समजूत रुजली, आणि वाळवंटात वस्त्रे झिजेपर्यंत तप करणाऱ्या इजिप्तच्या मरीयेची कथाही तिच्यात मिसळली. तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिने यांनी संकलित केलेल्या संतचरित्रांत मग्दालीया दक्षिण फ्रान्समध्ये तीस वर्षे एकांतात राहते. दोनातेल्लोने कोरली ती ही अनेकींची मिळून झालेली स्त्री. त्याला दोष देता येत नाही. त्याच्या काळच्या भाविकांना हेच चरित्र ठाऊक होते.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर शहरात शिरला. मूर्ती तेव्हा कॅथेड्रलसमोरील बाप्तिस्मागृहात होती. पुराच्या पाण्याने तिचे नुकसान झाले. पुढे सफाई करताना कळले की तिचा सुप्रसिद्ध काळपट तपकिरी रंग नंतर कोणीतरी चढवलेला होता. खाली उन्हाने रापलेली त्वचा होती आणि केसांत सोने. व्हेनिसमधील दोनातेल्लोच्याच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या लाकडी मूर्तीवर सफाईत १४३८ हे साल सापडले, तेव्हा मग्दालीयेला शिल्पकाराच्या म्हातारपणीची कृती मानणेही अवघड झाले. पुराभिलेख जपून वाचणाऱ्या अभ्यासकांनीसुद्धा मूर्तीचा रंग मात्र तपासल्याविना स्वीकारला होता, हे मला विशेष वाटते.

१९६९ च्या सुधारित रोमन पंचांगाने तिघींची सरमिसळ सोडून दिली. २०१६ मध्ये २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला.