मुरांब्याची बरणी आणि आपला इतिहास

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत इतिहासविषयक लेख यावयाचा म्हणजे त्यात मूळ पुरुष, वतने, सनदा, देवस्थाने आणि कर्तबगार पूर्वज यांची हकीकत असावी अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ती योग्यही आहे. परंतु आळेफाट्याच्या आसमंतातील आपल्या कुटुंबांची जुनी घरे पाहू जाता आम्हांस निराळाच अनुभव येतो. दप्तर वाळवीने खाल्लेले असते, सनदेचा पत्ता नसतो. मात्र फडताळात एक चिनी मातीची बरणी सुखरूप असते. ती कोणाची, असे विचारताच घरातील वृद्ध भगिनी आपल्या सासूची, आजेसासूची आठवण सांगू लागतात. ज्या घराचा कागद बोलत नाही, त्या घराची बरणी बोलते. त्या बरणीत जो मुरांबा, साखरांबा अगर गुळांबा मुरत असे, त्याचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम स्थळाचा विचार करू. फाटा म्हणजे रस्त्याला रस्ता फुटण्याची जागा. पुणे–नाशिक रस्ता आणि माळशेज घाटाने येणारा कल्याण–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) रस्ता जेथे एकमेकांस मिळतात, ते हे आळेफाटा. ह्या जुन्नर प्रांताला दळणवळण नवे नाही. सातवाहनांच्या काळी कोकणातून नाणेघाट चढून आलेला माल जुन्नरच्या पेठेत उतरे. खुद्द आळे गावी, ज्ञानेश्वर महाराजांनी ज्याच्या मुखी वेद वदविला अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधी आहे. तेथील चैत्रातील यात्रा आणि झाडावर कैरी भरण्याचे दिवस जवळपास एकच. त्यामुळे यात्रेच्या पाहुण्यास पन्हे आणि कैरीची डाळ, व यात्रा आटोपल्यावर मुरांब्याची तयारी, असा क्रम अनेक घरांत ठरून गेलेला होता.

त्या काळचा आंबा म्हणजे बांधावरचा रायवळ. प्रत्येक झाडाची चव निराळी. कोणते शेपू, कोणते खोबरे, कोणते निव्वळ आंबट. वैशाखात वळवाचे वादळ आले की एका रात्रीत झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडे. हे पडके फळ आढीत घालून पिकत नाही, बाजारात त्याला भाव नाही, आणि ठेवले तर चार दिवसांत सडते. मुरांबा हा सुगृहिणीच्या हौसेचा पदार्थ मानला जातो. पण आमच्या मते त्याचे मूळ हौसेत नसून ह्या पडक्या कैरीत आहे. वर्षाचे फळ एका रात्रीत हातचे जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार.

झाडाविषयीची ही आस्था राज्यकर्त्यांनाही ठाऊक होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचा विषय आला आहे. आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने पोटच्या लेकराप्रमाणे दीर्घकाळ जतन करून वाढविलेली असतात, सबब धन्याच्या राजीखुशीवाचून त्यांस हात लावू नये, असा त्यातील आशय आहे. १६३० साली ज्या शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म झाला, ती आपल्या आळ्याहून फार दूर नाही. तेव्हा ह्या आशयाचे स्मरण आपणास विशेष असावे.

‘मुरांबा’ हा शब्दही ह्याच अर्थाकडे बोट दाखवितो. मूळ अरबी ‘मुरब्बा’. ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ वाढविणे, संगोपन करणे असा आहे. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. आपल्या लोकांस त्यात ‘आंबा’ ऐकू आला आणि ‘मुरणे’ हे क्रियापद तर घरचेच होते. म्हणून मुरब्ब्याचा मुरांबा झाला. पुढे त्याच्याच धर्तीवर साखरांबा आणि गुळांबा हे शब्द घडले व आवळ्याचा मोरावळा झाला. परका शब्द घरात घेऊन त्याला आपलासा करण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

गुळांबा आणि साखरांबा यांतील भेद केवळ चवीचा नव्हे, तो ऐपतीचाही होता. ऊस होता तेथे हिवाळ्यात गुऱ्हाळ लागे. काहिलीतून उतरलेली ढेप फाल्गुनापर्यंत घरी येई, आणि लगोलग कैरी हाती येई. म्हणून गुळांबा हा शेतकऱ्याच्या घरचा नित्याचा पदार्थ. साखर विकत आणावयाची असल्याने साखरांबा हा आजाऱ्यासाठी, बाळंतिणीसाठी आणि जावयासाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साखरेवर नियंत्रण आले, तेव्हा खाऊन-पिऊन सुखी घरांनाही पुन्हा गुळाचाच आश्रय करावा लागला. पुढे शेजारच्या नगर जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ चा. त्यानंतर कुकडीच्या खोऱ्यात धरणे झाली, ऊस वाढला, आणि जुन्नर तालुक्यातही विघ्नहर सहकारी साखर कारखाना निघाला. साखरेचे अप्रूप गेले. तेव्हापासून साखरांबा घरोघर झाला.

आता कृतीविषयी. घट्ट, न पिकलेली कैरी सोलून किसावी. किसाच्या मापाने सव्वा ते दीड पट साखर, आणि कैरी फार आंबट असल्यास थोडी अधिक घ्यावी. कीस प्रथम वाफवून घ्यावा, कारण कच्चा कीस साखरेत घातला तर तो आकसून चिवट होतो. मग साखर मिसळून मंद आचेवर ठेवावे, कीस पारदर्शक दिसू लागला व पाकाला तार आली की उतरावे आणि वेलदोडा, केशर घालावे. मुरांब्यास किसाऐवजी फोडी व दोन लवंगा. गुळांब्यास चिरलेला गूळ. बरणी उन्हात तापवून कोरडी केलेली असावी, आणि मिश्रण पूर्ण निवाल्याखेरीज झाकण लावू नये, अन्यथा वाफेचे पाणी सुटून बुरशी येते. हे सर्व नियम आपल्या आज्यांनी अनुभवाने बसविलेले होते. शास्त्र सांगते तेही हेच. साखरेचे प्रमाण शेकडा ६५ च्या पुढे गेले की बुरशीला वाढण्यास लागणारे पाणी मोकळे राहत नाही. फळातील आंबटपणा तिला आणखी आवर घालतो. आणि कैरीतील पेक्टिन नामक द्रव्यामुळे पाक दाट होतो.

पिकलेल्या आंब्यात हा आंबटपणा व हे पेक्टिन कमी. म्हणून पिक्या आंब्याचा जाम करताना लिंबाचा रस घालावा लागतो. एक किलो गाळलेला रस, पाऊण किलो साखर आणि दोन लिंबे घेऊन तळ न लागू देता ढवळीत राहावे. थंड बशीवर टाकलेला थेंब पसरेनासा झाला की जाम झाला. गोव्यात आंब्याच्या अशाच गोड पाकास ‘मांगाड’ म्हणतात. ज्या हापुसाने आज जुन्नर भागात बागा उभ्या केल्या, त्याचे नावही पोर्तुगीज ‘अफोन्सो’वरून आले आहे. जुन्नरचा हापूस कोकणच्या मागून, मे–जूनमध्ये हाती येतो आणि पावसाळा त्याच्या पाठीशीच असतो. त्यामुळे त्याचा जाम करणे येथे विशेष सोयीचे. बाजारी जामही काही केवळ मनाच्या मापाने होत नसे. केंद्र सरकारच्या १९५५ च्या फळपदार्थविषयक आदेशाने जामात शेकडा ४५ भाग फळ असलेच पाहिजे असे ठरविले होते. आपल्या घरच्या बरणीत फळाचे प्रमाण किती, हे मात्र कोणा निरीक्षकाने कधी तपासले नाही. ते गृहिणीच्या हातावर आणि सचोटीवर सोपविलेले होते.

मराठीत पाकशास्त्राचा पहिला ग्रंथ, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’, १८७५ साली निघाला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे, आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. मात्र आपल्या घरांतील प्रमाणे ह्यांपैकी कोणत्याही ग्रंथातून आलेली नव्हती. ती शेर-पावशेराच्या हिशेबाने मुखोद्गत होती. १९५८ पासून दशमान वजने येऊ लागली आणि शेराची मापे अडगळीत गेली, तेव्हा कित्येक घरांतील प्रमाणेही त्यांच्याबरोबर गेली.

येथे एक अप्रिय गोष्ट लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते. ह्या बरणीभोवती सोवळ्याओवळ्याचे कडे होते. मासिक धर्मातील स्त्रीने तिच्याजवळ जाऊ नये, सावली पडली तरी मुरांबा नासतो, असे सांगितले जाई. मुरांबा नासतो तो ओल्या चमच्याने, स्त्रीच्या सावलीने नव्हे. ज्या राखणदाराने रात्र जागून झाडाची राखण केली, त्याच्या मुलाच्या हातावर तो पदार्थ वरून टाकला जाई. आणि ज्या विधवा आत्या-काकूंनी वैशाखाच्या उन्हात चुलीपुढे बसून शंभर-शंभर कैऱ्या किसल्या, त्यांना मंगलप्रसंगी पुढे येण्यास मज्जाव होता. त्यांच्या हातची चव सर्वांना हवी होती, त्यांचे दर्शन नको होते. आपल्या ज्ञातीच्या वंशावळी आम्ही चाळल्या. त्यांत अशा स्त्रियांची नावे आढळत नाहीत. अमक्याची कन्या, तमक्याची भार्या, एवढ्यावर त्यांची नोंद संपते. गौरवाचा इतिहास छापावयाचा आणि हा भाग गाळावयाचा, हे आपणांस शोभणारे नाही.

आणि तरीही ह्याच स्त्रियांनी घरे जोडून ठेवली. उपजीविकेसाठी माळशेज उतरून मुंबईस गेलेल्या मुलाच्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीत गुळांब्याची बरणी असे, फडक्याने तोंड बांधलेली. चाळीच्या खोलीत पोळीबरोबर ती महिनोन् महिने पुरे. पत्र लिहिता न येणाऱ्या आईचे ते पत्रच होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आज रस्ते रुंद होताना कडेची जुनी झाडे गेली, बांधावरचे रायवळ विरळ झाले, आणि जाम दुकानात बाटलीत मिळतो. त्याबद्दल खेद करीत बसण्यात अर्थ नाही. परंतु एक काम अद्याप आपल्या हातचे आहे. प्रत्येक सभासद कुटुंबाने येत्या उन्हाळ्यात आपल्या घरातील ज्येष्ठ भगिनीजवळ बसून मुरांब्याचे प्रमाण लिहून घ्यावे, ते तिला कोणी शिकविले हे विचारावे, आणि त्या शिकविणारीचे स्वतःचे नाव, माहेरचे व सासरचे, दोन्ही लिहावे. ते कागद संस्थेच्या कार्यालयात जमा झाल्यास ज्ञातीच्या वंशावळीत ती नावे घालता येतील. वतनाच्या सनदा आता मिळावयाच्या नाहीत. ह्या सनदा अजून मिळू शकतात. बरणी रिकामी होण्यापूर्वी हे काम व्हावे, इतकीच सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विज्ञापना.