२ जून २०१५ : कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाचा अहवाल

कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २ जून २०१५ रोजी ओटावा येथे अहवालाचा सारांश आणि ९४ शिफारशी जाहीर केल्या. सरकारी पैशावर, बहुतांशी चर्चने चालवलेल्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवले गेले होते. मातृभाषेत बोलले की शिक्षा होई. याच इतिहासाचा शोध आयोगाने घेतला. आयोगाचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर हे स्वतः अनिशिनाबे समाजातले न्यायाधीश. त्यामुळे असेल, पण कामकाजाला कोर्टकचेरीची कळा आली नाही. २०१० ते २०१४ दरम्यानचे सात राष्ट्रीय मेळावे याच समाजातील वडीलधाऱ्यांनी जपलेल्या सात शिकवणींच्या नावे भरले. पहिला विनिपेगचा ‘आदर’, शेवटचा एडमंटनचा ‘शहाणपण’. साक्षी देता-ऐकताना डोळे पुसलेले कागदी रुमालसुद्धा गोळा करून पवित्र अग्नीत अर्पण केले जात. शिफारशींची अंमलबजावणी मात्र रेंगाळली. शेवटची, ९४वी शिफारस नव्या नागरिकांच्या शपथेविषयी होती. आदिवासींच्या करारांनुसारच्या हक्कांचा उल्लेख शपथेत यायला २०२१ उजाडले. भारतातून जाऊन कॅनडाचे नागरिक होणारेही आता हीच शपथ घेतात.