पत्ता बदललेलें भांडार

पनवेलनजीकच्या कळंबोलीचें नांव बांधकामाच्या व्यवसायांतील मनुष्यास नवें नाहीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याचें काम तिच्याकडे आलें. मुंबई बेटावरील दाट वस्तींत कोंडलेला लोखंड-पोलादाचा घाऊक व्यापार बाहेर हलवावा, या हेतूनें पुढें कळंबोलीस त्याच्यासाठीं स्वतंत्र बाजार उभारण्यांत आला. १९८९ सालीं सुरू झालेलें न्हावाशेव्याचें बंदर तेथून जवळ आहे आणि २००२ सालीं पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग तेथूनच निघतो. गज, पत्रे, अँगल आणि चॅनेल यांच्या राशी, वजनकांटे, माथाडी कामगार आणि मालमोटारींच्या रांगा हें या वस्तीचें नित्याचें दृश्य होय.

घर बांधणारा मनुष्य स्वतः लोखंड ओतीत बसत नाहीं. तो तें बाजारांतून आणतो. मात्र त्याला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. कोणता माल पाहिजे, कोणत्या मापाचा व प्रतीचा पाहिजे आणि तो कोठें मिळतो, ह्या त्या तीन गोष्टी होत. यांपैकीं एकीचाही हिशेब चुकला, तर गवंडी, सुतार, सिमेंट सारें जागेवर असूनही काम थांबतें. बाजार मुंबईहून कळंबोलीस गेल्यावर जो जुन्याच पत्त्यावर जाईल, त्याला कुलूप दिसेल. माल जगांतून नाहींसा झालेला नसतो. त्याचा पत्ता तेवढा बदललेला असतो.

मोबाइलवरील ॲप रचणारे तरुण प्रोग्रॅमर आज अशाच एका कुलुपाशीं वारंवार येऊन थडकतात. ॲपचा स्वतः लिहिलेला भाग निर्दोष असतो. काल तें बनलें होतें, आज एक ओळही बदललेली नसते आणि तरीही संगणक सांगतो कीं, अमुक नांवाची बाहेरची लायब्ररी सांपडत नाहीं. नवख्यास हा यंत्राचा लहरीपणा वाटतो. वस्तुतः या त्रुटीमागें पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो समजल्यावांचून तिचा उपाय नीटसा उमगत नाहीं.

केंब्रिज विद्यापीठांत ६ मे १९४९ रोजीं एडसॅक नांवाचा संगणक प्रथम चालूं लागला. वर्गमूळ काढणें, छपाईसाठीं अंकांची मांडणी करणें अशीं कामें प्रत्येक गणितांत पुनःपुन्हां येतात आणि दर वेळीं त्यांची आज्ञावली नव्यानें लिहिल्यास वेळ जाऊन चुकाही वाढतात, हें मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ले गिल यांच्या ध्यानांत लवकरच आलें. म्हणून अशा कामांच्या तयार आज्ञावली कागदी पट्टीवर छिद्रें पाडून साठवून ठेवण्यांत येऊं लागल्या. या संग्रहास लायब्ररी हें नांव पडलें. १९५१ पर्यंत तींत ८७ आज्ञावली जमल्या होत्या आणि त्याच वर्षीं या तिघांनीं या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याला जी पट्टी पाहिजे ती त्यानें काढावी, तिची नक्कल आपल्या पट्टींत उतरून घ्यावी व मूळ पट्टी जागच्या जागीं ठेवावी, असा तेथील रिवाज होता.

या रिवाजांत एक मोठी सोय होती. उसना घेतलेला भाग एकदां आपल्या पट्टींत उतरला, कीं पुढें त्या संग्रहाचें कांहींही झालें तरी काम अडत नसे. १९५२ सालीं अमेरिकेंत ग्रेस हॉपर यांनीं एक पाऊल पुढें टाकलें. प्रत्येक तयार आज्ञावलीस त्यांनीं क्रमांक दिला. प्रोग्रॅमरनें क्रमांक लिहावा आणि ती आज्ञावली यंत्रानेंच शोधून आणावी, अशी योजना केली. मनुष्याचे श्रम वांचले, पण त्याच क्षणीं वस्तूची जागा तिच्या नांवानें घेतली. नांव चुकलें किंवा त्या नांवाची वस्तु जागेवर नसली, तर यंत्र हताश होणार हेंही त्याच क्षणीं ठरून गेलें. आजच्या त्रुटीचें मूळ येथें आहे.

हें युग मुंबईसही लवकरच पोंचलें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९५६ सालीं नमुन्यादाखल एक यंत्र चालूं झालें, १९६० सालीं पूर्ण यंत्र उभें राहिलें आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें टिफरॅक असें नामकरण केलें. मुंबईंतच १९८५ सालीं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघालें आणि देशांतील शिक्षणसंस्था एकमेकींशीं जोडणाऱ्या एर्नेट योजनेंत त्यानें महत्त्वाचा वांटा उचलला. पुढें २००३ सालीं हें केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्यें विलीन झालें. कळंबोलीहून कांहीं मैलांवर, खारघर स्थानकासमोर, सी-डॅकचें कार्यालय आहे.

संगणक एकमेकांस जोडले गेले आणि कपाटांतील लायब्ररीचें रूप पालटलें. १९९५ सालीं पर्ल भाषेच्या प्रोग्रॅमरांनीं आपल्या आज्ञावलींचें एक समाईक भांडार जाळ्यावर उघडलें. २००५ सालच्या मेव्हनच्या दुसऱ्या आवृत्तीनें आणखी एक सोय केली. मागितलेल्या लायब्ररीस ज्या इतर लायब्रऱ्या लागतात आणि त्या इतरांस ज्या लागतात, त्या साऱ्या ती आपण होऊन आणूं लागली. २००८ च्या ऑक्टोबरांत ॲन्ड्रॉइडचा पहिला फोन बाजारांत आला, आयफोनच्या प्रोग्रॅमरांसाठीं २०११ सालीं कोकोपॉड्सची व्यवस्था निघाली आणि २०१३ सालीं जाहीर झालेल्या ॲन्ड्रॉइड स्टुडिओनें ग्रॅडल नांवाच्या साधनाकडे हें काम सोंपविलें. आतां आठदहा लायब्रऱ्यांचीं नांवें लिहिणाऱ्याच्या ॲपमध्यें त्यानें कधीं नांवही न ऐकलेल्या शेंकडों आज्ञावली येऊं लागल्या. केंब्रिजचा प्रोग्रॅमर नक्कल उतरून घेत असे. आजचा प्रोग्रॅमर केवळ पत्ता लिहून ठेवतो.

पत्त्यावर विसंबण्याचें फळ काय, तें पुढील तीन घटनांवरून दिसेल. २२ मार्च १९१६ च्या नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या, २२ मार्च २०१६ च्या दिवशीं, एनपीएम नांवाच्या भांडाराशीं नांवाच्या हक्कावरून वाद झाल्यानें एका प्रोग्रॅमरनें आपल्या साऱ्या आज्ञावली तेथून काढून घेतल्या. त्यांत लेफ्ट-पॅड नांवाची अवघ्या ११ ओळींची एक आज्ञावली होती. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणें एवढेंच तिचें काम. परंतु मोबाइलचीं ॲप्स रचण्याची रिॲक्ट नेटिव्ह ही प्रसिद्ध व्यवस्थासुद्धां आडमार्गानें तिच्यावर अवलंबून होती. जगभर कामें अडलीं आणि कांहीं तासांतच भांडाराच्या चालकांना ती आज्ञावली परत ठेवावी लागली.

दुसरी घटना २०१८ सालची. ॲन्ड्रॉइडच्या सपोर्ट लायब्रऱ्यांचें गूगलनें ॲन्ड्रॉइडएक्स या नांवानें नवें संघटन केलें. माल बहुतेक तोच, पण पाट्या बदलल्या. ज्या ॲपमध्यें कांहीं भाग जुन्या नांवानें व कांहीं नव्या नांवानें मागणी करीत होते, तेथें एकच वस्तु कोठें सांपडेनाशी झाली, तर कोठें दोनदां आढळूं लागली.

तिसरी घटना कळंबोलीच्या बाजाराची थेट आठवण करून देणारी आहे. ॲन्ड्रॉइड स्टुडिओंत नव्या कामासाठीं बराच काळ जेसेंटर हेंच भांडार आपोआप लिहिलें जात असे. फेब्रुवारी २०२१ मध्यें तें चालविणाऱ्या जेफ्रॉग कंपनीनें तें बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. नंतर जुना माल वाचण्यापुरतें तें उघडें राहिलें आणि २०२४ च्या ऑगस्टांत तेथील मागण्या मेव्हन सेंट्रल या दुसऱ्या भांडाराकडे वळविण्यांत आल्या. ज्यांच्या कर्त्यांनीं आपला माल नव्या जागीं हलविला, त्या लायब्रऱ्या तेथें मिळाल्या. ज्यांचे कर्ते हा उद्योग सोडून गेले होते व ज्या मेव्हन सेंट्रलमध्यें कधीं ठेवल्याच गेल्या नव्हत्या, त्यांचा मात्र माग सुटला आणि त्यांच्यावर उभीं असलेलीं जुनीं ॲप्स पुन्हां बनविणें दुर्घट झालें. कोकोपॉड्सच्या चालकांनींही आपलें भांडार डिसेंबर २०२६ पासून केवळ वाचनापुरतें ठेवण्याचें २०२४ सालींच जाहीर केलें.

कोणी म्हणेल, कीं हीं दूरदेशींचीं दुखणीं आहेत, मराठी वाचकास त्यांचें काय? परंतु ती वस्तु नसल्याची झळ मराठी भाषेनें स्वतः सोसली आहे. देवनागरी अक्षरें दाखविणें हें काम दिसतें तितकें सरळ नाहीं. ‘किती’ या शब्दांत पहिली वेलांटी संगणकाच्या साठ्यांत ‘क’ नंतर असते, पण पडद्यावर ती त्याच्या आधीं काढावी लागते. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांचीं जोडाक्षरें जुळवावीं लागतात. ‘दऱ्या’ या शब्दांतील अर्धा र ‘सूर्य’ यांतील रफारासारखा माथ्यावर न जातां पुढील अक्षरास बिलगतो, आणि हा भेद मराठीस फार जवळचा आहे. ही जुळणी करण्यासाठीं १९८० च्या दशकांत संगणकामध्यें जिस्ट नांवाचें स्वतंत्र कार्ड बसवीत. आतां तें काम हार्फबझसारखी लायब्ररी करते.

ॲन्ड्रॉइडच्या आरंभींच्या फोनांत बहुधा देवनागरीचा फॉन्टही नसे आणि ही जुळणीही नसे. मराठी मजकुराच्या जागीं रिकामे चौकोन दिसत किंवा वेलांट्या भलतीकडे जाऊन शब्द विद्रूप होत. मराठी ॲप रचणाऱ्यास फॉन्ट बरोबर पाठवावा लागे आणि तेवढ्यानेंही सर्व साधत नसे. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्यें तर दूरच्या संगणकावर अक्षरांचीं चित्रें करून तीं फोनवर मागविण्याची सोय होती आणि अनेकांनीं आपल्या लिपींतील मजकूर अशा चित्रांतूनच वाचला. २०११ सालच्या ४.० या आवृत्तीच्या सुमारास ॲन्ड्रॉइडमध्यें देवनागरीची व्यवस्था आली, तेव्हां हा वनवास ओसरूं लागला. एका लायब्ररीच्या अभावीं संपूर्ण लिपि मुकी होऊं शकते, हा धडा त्यांतून मिळाला.

हा इतिहास ध्यानांत घेतला, म्हणजे उपायही सरळ दिसूं लागतात. प्रथम त्रुटि कोणत्या वेळीं आली तें पाहावें. ॲप बनतांना ती आली असेल, तर भांडाराकडून माल आलेला नाहीं. ॲप बनलें पण फोनवर उघडतांच कोसळलें, तर माल आला असूनही त्या फोनच्या जातीचा तुकडा ॲपमध्यें भरला गेलेला नसावा. ३२ बिटांच्या व ६४ बिटांच्या फोनांस निरनिराळे तुकडे लागतात, आणि ऑगस्ट २०१९ पासून गूगलच्या प्ले भांडारानें ६४ बिटांचा तुकडा आवश्यक केल्यावर अनेकांस हा भेद प्रथमच कळला. त्रुटींची लांबलचक यादी आली, तर तींतील पहिली शांतपणें वाचावी. पुढील पुष्कळशा तिच्याच लेकी असतात. नंतर नांव, आवृत्ति व पत्ता हीं तीन खातीं एकेक करून तपासावीं. आवृत्तीच्या जागीं ‘नवीनतम जी असेल ती’ असें कधींही लिहूं नये. ठरलेला आंकडा लिहावा व त्याची नोंद गोठवून ठेवावी.

प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या संगणकावर सारें ठीक चालतें आणि नव्या सोबत्याच्या संगणकावर तेंच अडतें, असा अनुभव वारंवार येतो. याचें कारण जुन्या संगणकांत पूर्वीं आणलेल्या लायब्ररीची नक्कल दडून असते आणि ती बंद पडलेला पत्ता झांकून ठेवते. म्हणून कोऱ्या संगणकावर ॲप अधूनमधून बनवून पाहणें हीच खरी परीक्षा होय. ज्या लायब्रऱ्यांवांचून आपलें काम चालणारच नाहीं, त्यांची नक्कल परवान्याच्या अटी पाळून स्वतःच्या ताब्यांत ठेवावी. केंब्रिजच्या पट्टीचा जुना रिवाज येथें पुन्हां उपयोगीं पडतो.

मात्र घाईनें कोठूनही माल उचलणें हा उपाय नव्हे. २०२१ च्या फेब्रुवारींत एका संशोधकानें असा प्रयोग प्रसिद्ध केला, कीं मोठ्या कंपन्यांच्या खासगी लायब्रऱ्यांचींच नांवें देऊन त्यानें सार्वजनिक भांडारांत आपल्या आज्ञावली ठेवल्या. आणि ३५ हून अधिक कंपन्यांच्या संगणकांनीं त्या आपल्याच समजून उचलल्या. त्याचा हेतु सावध करण्याचा होता. दुसऱ्या कोणाचा तसा असेलच असें नाहीं. ज्या फोनवर शेतकरी आपला सातबारा पाहतो आणि गृहिणी बँकेचा व्यवहार करते, त्या फोनवर अनोळखी माल शिरणें ही केवळ तांत्रिक चूक राहत नाहीं.

पोलादाचा जाणता गिऱ्हाईक गजाची जाडी पाहतो, त्यावरील कारखान्याचा छाप पाहतो आणि बरोबर आलेल्या दाखल्यावरील ओतिवाचा क्रमांक मालाशीं ताडून घेतो. लायब्रऱ्यांसाठींही अशीच ओळखीची खूण काढतां येते आणि ग्रॅडलसारखें साधन ती ताडून पाहूं शकतें. दुसऱ्याच्या मालावर इमारत बांधण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. जगांतील बहुतेक इमारती तशाच उभ्या आहेत. माल कोठून आला, कोणत्या प्रतीचा आला आणि उद्यां तो तेथें नसला तर काय करावयाचें, याची नोंद मात्र बांधणाऱ्याच्या वहींत असली पाहिजे. बाजार उठून दुसरीकडे जातात. वही नीट असली, तर बांधकाम थांबत नाहीं.